आगरातली विहीर होळीनंतर मचूळ होते, बोअर मारावी का?

आगरवाली (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं आगर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग सुरूची रांग, मग आमचा गडगा (दगडी कुंपण) आणि आत माड-पोफळी. एकूण एक एकर. पोफळी तीनशेच्या आसपास, माड चाळीस, पोफळींच्या सावलीत जायफळाची काही झाडं आणि खोडांवर मिरीवेल. आगराच्या मागे रस्ता, रस्त्यापलीकडे भाताचा मळा, त्यामागे डोंगर आणि वर कातळाचा सडा, म्हणजे सपाट माळ. डोंगरातून एक पऱ्या (ओढा) येतो. मळ्याच्या कडेने, रस्त्याच्या मोरीखालून आणि आमच्या गडग्याला लागून तो समुद्राकडे जातो.

विहीर चिऱ्यांनी बांधलेली, जुनी. सासूबाई सांगतात, पूर्वी लाटेने (एका टोकाला वजन बांधलेल्या आडव्या दांड्याने) विहिरीतून पाणी काढून शिंपणं व्हायचं आणि मे महिन्यातही पाणी गोडंच असायचं. आता होळी झाली की चव बदलते. डाळ शिजायला वेळ लागतो, हंड्याच्या आतून पांढरा थर धरतो. एप्रिलमध्ये पोफळींच्या झावळ्या करपायला लागतात. आधी टोक तपकिरी होतं, मग कडेकडेने तो रंग देठाकडे सरकतो, मधली शीर तेवढी हिरवी राहते. सुपारीची बारीक फळं झाडाखाली सडा घातल्यासारखी पडतात. माडांना अजून तरी काही दिसत नाही, जायफळाची मात्र कोवळी पानं कडेने काळवंडतात.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र आणलं. पावसाळा संपल्यावर पाणी 250 दाखवत होतं. एप्रिलमध्ये सकाळी 900 आणि पंप दोन तास चालला की 1,700 च्या वर. पंप 3 एचपीचा आहे. दर चार दिवसांनी आळी भरून पाणी देतो.

शेजारच्या आगरात बोअर मारायचं ठरतंय. आम्हालाही सांगतात, "तुमच्याकडेपण मारून घ्या, गाडी आलीच आहे तर स्वस्तात होईल, खाली गोडं लागेल." घरात दोन मतं आहेत. मला भीती वाटते आहे. पऱ्या जानेवारीपर्यंत वाहतो, त्याचा काही उपयोग करता येईल का? छपराचं पाणी विहिरीत सोडलं तर? ज्यांनी समुद्राजवळ शेती केली आहे त्यांनी कृपया सांगा. माझ्या पोफळी वाचवायच्या आहेत.

मळेकर (मालवण तालुका)

ताई, बोअर मारू नका. शेजाऱ्यांनाही हात जोडून सांगा. मी कृषी खात्यात गावपातळीवर नोकरी केली, आता घरचा मळा आणि थोडा माड बघतो. किनाऱ्यावरच्या चांगल्या विहिरी बोअरपायी कायमच्या गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या आगराखाली वाळू आहे. त्या वाळूत पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी किंचित जड, म्हणून ते खाली राहतं. जडपणातला फरक इतका थोडा आहे की हिशेब असा पडतो: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी 1 फूट असेल, तर सपाटीखाली साधारण 40 फूट गोडं पाणी टिकतं. आता याचंच उलटं करा. उपसा करून वरची पातळी 1 फूट खाली नेली आणि तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर यायला बघतं. बोअर म्हणजे नळी थेट त्या खाऱ्यात नेऊन घालणं. पहिलं वर्षभर कदाचित गोडं लागेलही, आणि त्या एका वर्षात शेजारच्या चार विहिरींचं पाणी बिघडेल. शिवाय गावाच्या नळपाणी योजनेची विहीर 500 मीटरच्या आत असेल, तर परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. ग्रामपंचायतीत विचारायला सांगा.

तुमचे आकडे बघा. सकाळी 900, दोन तासांनी 1,700. रात्रभरात विहीर स्वतःला बरीच सावरते आहे, म्हणजे गोडं पाणी अजून संपलेलं नाही. 3 एचपीचा पंप इतक्या कमी उंचीला तासाला 20-25 हजार लिटर सहज ओढतो. चार दिवसांचं पाणी तुम्ही दोन तासांत काढता, आणि नेमकं त्या दोन तासांत खालचं खारं वर खेचलं जातं. तेवढंच पाणी रोज थोडं थोडं काढलंत तर विहिरीला कळणारही नाही. मोठा पंप बाजूला ठेवा, अर्धा किंवा 1 एचपीचा लावा. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं टोक, तळापासून जमेल तेवढा वर बांधा. आगराच्या उंच कोपऱ्यात एक टाकी बसवा. पहाटे ती भरा आणि टाकीतून ठिबकने पाणी द्या. पोफळीला ठिबकने रोज 16 ते 20 लिटर पुरतं, माडाला उन्हाळ्यात 40 धरा. तीनशे पोफळी आणि चाळीस माड मिळून दिवसाला 7,600 लिटर झाले. आत्ता तुमचा उपसा दिवसाला सरासरी 10 ते 12 हजारांच्या घरात पडतो, आणि त्यातलं बरंच पाणी वाळूतून मुळांच्या खाली निघून जातं.

माड खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो, पोफळ सोसत नाही, जायफळ तर मुळीच नाही. म्हणून पहाटेचं चांगलं पाणी आधी जायफळ आणि पोफळीला. दिवसा नाइलाजाने काढावं लागलं तर ते माडाला.

नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) विकत असाल तर विकू नका. माडापासून पाच-सहा फुटांवर गोल चर खणा आणि त्यात सोडणं थरांनी रचा. खोलगट बाजू वर हवी, पालथी घालू नका. वरून माती ओढा. सोडण आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि असा चर पाच-सहा वर्षं काम देतो. पोफळीच्या आळ्यात विऱ्या (झावळीच्या देठाची रुंद पातं) आणि वाळक्या झावळ्या अंथरा. उघडी वाळू दुपारी तापते, वरची मुळं आधी मरतात आणि मग पाणी देऊनही झाड घेत नाही.

आता छपराचं पाणी. शंभर चौरस मीटरचं छप्पर असेल तर आपल्या पावसात त्यावरून अडीच लाख लिटर सहज मिळतं. पण जुलैमध्ये तुमची विहीर आधीच काठोकाठ असते. तेव्हा आत सोडलेलं पाणी वाळूतून समुद्रालाच मिळणार. घरी वापरायला टाकीत साठवा, ते उत्तम. आगर त्यावर जगणार नाही.

ताई, आपल्याकडे पाऊस कमी नाही. 3,000 मिलिमीटर धरला तर तुमच्या एका एकरावरच वर्षाला 1 कोटी 20 लाख लिटर पाणी पडतं. डिसेंबर ते मे मिळून तुम्हाला लागेल त्याच्या आठपटीहून जास्त झालं. जूनमध्ये पडलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत समुद्रात पोचतं, ही खरी अडचण. जांभा पाणी चटकन पितो आणि चटकन सोडतोही. म्हणून डोंगरावरचं पाणी तुमच्या विहिरीपर्यंत यायला उशीर व्हावा, एवढंच आपल्या हातात आहे. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत डोंगराकडून पाझर येत राहिला, तर गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर राहते आणि खारं दाबलेलं राहतं. तुमची विहीर खरं तर रस्त्यापलीकडे भरते.

म्हणून मला तीन गोष्टी सांगा. त्या मळ्यात अजून भात होतं का? सड्यावर काय चाललंय, खाण किंवा सपाटीकरण? आणि पऱ्याला डोंगरातून बाहेर पडताना अरुंद जागा कुठे आहे?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मळेकर काकांचं म्हणणं पटलं, तरी एक लिहावंसं वाटतं. कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडलेलं अवजल वाशिष्ठीतून समुद्रात जातं, वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत. ते आमच्या दारावरून जातं आणि आमच्या मागच्या टेकडीवरच्या वाड्या मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. हे पाणी गुहागर-दापोलीकडे वळवलं तर बोअरचा प्रश्नच उरणार नाही. लोकांनी यासाठी एकत्र येऊन मागणी लावून धरायला हवी. काका पऱ्याची अरुंद जागा विचारताहेत ती बंधाऱ्यासाठीच असणार, पण पोत्यांच्या बंधाऱ्याने किती पुरणार?

मळेकर (मालवण तालुका)

मागणी जरूर करा, मी सही करायला तयार आहे. पण कालवा किंवा नळ येईपर्यंत ताईंच्या पोफळी थांबणार नाहीत, आणि पोफळ गेली की नवी धरायला सहा-सात वर्षं जातात. बाहेरचं पाणी आलं तरी सडा आणि मळा सांभाळावाच लागेल, नाहीतर तेही वाळूतून निघून जाईल.

आमच्या तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. 1530 साली गावकऱ्यांनी दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून तो केला, आणि आजही धामापूर आणि काळसे गावांना त्याचं पाणी मिळतं. 2020 मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. तलावाभोवतीचा डोंगर झाडीने भरलेला आहे म्हणून त्यात गाळ कमी येतो. मी नोकरीत असताना नव्या मुलांना आधी तिथे न्यायचो. बांधावर उभं राहून वरची झाडी बघा म्हणायचो, पाण्याकडे नंतर बघा.

खारपट्टी (पेण)

ताई, माझी जमीन खारपट्ट्यात आहे, बांधापलीकडे खाडी. खारं पाणी कसं येतं ते आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहिली आहे, ती आधी तपासा.

पऱ्या तुमच्या गडग्याला लागून समुद्राला मिळतो म्हणालात. त्याच्या तोंडाशी काय आहे? पुळणीने तोंड बंद होतं की उघडं राहतं? उघडं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी पऱ्यातून आत चढत असणार. जानेवारीपर्यंत वरून गोडं पाणी वाहतं, ते भरतीला ढकलून लावतं. पऱ्या आटला की अडवायला कोणी नाही. मग ते खारं पाणी तुमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर साचून राहतं आणि बाजूने झिरपतं. खालून येणारं खारं वेगळं आणि बाजूने येणारं वेगळं. उपाय दोन्हींवर करावा लागेल.

येत्या अमावास्येला भरती पूर्ण झाली की यंत्र घेऊन पऱ्याने वर वर चालत जा. आकडा जिथे एकदम उतरतो, तिथे खूण म्हणून दगड ठेवा.

आमच्याकडे यासाठी बांध आणि उघाडी असते. उघाडीचं दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं. दाराच्या फळीत एखादी काटकी जरी अडकली तरी एका उधाणात शेत खारं होतं. पूर्वी जोळ असायचा, म्हणजे बांधाखाली ज्याची ज्याची जमीन त्याने उन्हाळ्यात मातीला यायचंच. आता बांधाची देखरेख दुसऱ्या कोणाची तरी, असं सगळे धरून चालतात. आमच्या शेजारच्या पट्ट्यात बांधाला खांड पडली, वेळेत कोणी बुजवली नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत शेतात कांदळ उगवलं. कांदळवन आलं की त्याला कायद्याने हात लावता येत नाही. ते बरोबरच आहे, बांधाबाहेरचं कांदळवनच लाटांचा मार खातं म्हणून आमचा बांध उभा आहे. पण त्या घरांचं भात गेलं ते गेलंच. रेशनच्या तांदळावर आली ती माणसं, ज्यांच्या कणग्या वर्षभर रिकाम्या व्हायच्या नाहीत.

आम्ही अजून भात घेतो. पहिल्या पावसात उघाडीतून शेतातला खार धुऊन काढायचा, घाई करायची नाही, मग रहू (मोड आणलेलं बी) टाकायचं किंवा लावणी करायची. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल 1, 2, 3 या जाती खार सोसतात. मुद्दा असा की तुमच्याही जमिनीतला खार पाऊसच धुणार आहे. पावसाळ्यात आगरातलं पाणी निघायला वाट मोकळी ठेवा, आणि पाऊस गेला की खाऱ्याची आत यायची वाट बंद करा.

तोंडाशी कांदळवन असेल तर तिथे काहीही बांधू नका. त्याच्या वर, खूण केलेल्या दगडापाशी या.

आगरवाली (गुहागर तालुका)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. अमावास्येला मी आणि पुतण्या भरतीच्या वेळी गेलो. पेणकर दादांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. पऱ्याच्या तोंडाशी वाळूचा बांध असा नाहीच, आणि खारं पाणी मोरीच्या अलीकडे वीसेक पावलांपर्यंत येतं. म्हणजे आमच्या विहिरीच्याही वर! तिथे डबक्यात बोय या खाडीच्या माशाची पिल्लं होती, त्यावरूनच कळायला हवं होतं असं पुतण्या म्हणाला. कांदळवन नाही, काठाला केवडा आहे.

काकांनी विचारलेल्या गोष्टी. मळा आमच्या भावकीचा आहे, पाच घरांचा. माझं लग्न झालं तेव्हा पूर्ण मळ्यात भात होतं, आता एकाच घराचं. बाकीची घरं मुंबई-पुण्याला आहेत. मेरा, म्हणजे खाचरांचे बांध, जागोजाग फुटल्या आहेत, पाणी थांबत नाही, सरळ पऱ्यात उतरतं. सड्यावर खाण नाही, पण उतारावर काजूसाठी जेसीबीने टप्पे काढले आहेत आणि पावसात पऱ्या लाल होऊन येतो. पऱ्याला अरुंद जागा आहे. मळ्याच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना कातळ आहे आणि मधे फार तर बारा-पंधरा फूट.

छोटा पंप लावला. टाकी अजून यायची आहे, तोवर पहाटे पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास असं पाणी देतो. परवा पंप बंद करताना आकडा 1,150 होता. शेजाऱ्यांना मी हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं. बोअरची गाडी त्यांनी तूर्त थांबवली आहे, पण "तुझं बघू आणि मग ठरवू" असं म्हणाले.

बंधारा कधी आणि कसा घालायचा ते सांगाल का? माणसं कमी आहेत. मी, पुतण्या, बचत गटातल्या सात-आठ बायका.

मळेकर (मालवण तालुका)

1,150 वाचून फार बरं वाटलं. पहाटेचा आकडा रोज वहीत लिहीत जा.

तुमच्या विहिरीचं मूळ दुखणं मला त्या पडीक मळ्यात दिसतं. भाताच्या मळ्यात मेरांच्या आत जून ते सप्टेंबर पाणी उभं असतं आणि तेच सावकाश खाली उतरत राहतं. चार घरांनी भात सोडलं तसं तुमच्या आगराला मिळणारं पाणी कमी झालं. भावकीला हे असंच सांगा. गणपतीला सगळे येतीलच. पण मेरा त्याच्या आधी, मे महिन्यातच बांधून घ्यायला हव्यात, म्हणून फोन आत्ता करा. त्यांनी भात लावलं नाही तरी चालेल, मेरा बांधायला परवानगी द्या म्हणावं. जमीन त्यांचीच राहणार आहे, कागदाला कोणी हात लावत नाही, हे आधी बोलून टाका, कारण मनात भीती तीच असते. कसायला दिली तर आणखी चांगलं. जे एक घर भात करतं त्यालाच विचारा, चारसूत्री या सुधारित पद्धतीने लावणी केली तर कमी बियाण्यात आणि कमी माणसांत होते. भातामागे ओलीवर कुळीथ, चवळी, पावटा होईल. बचत गटातल्या बायकांना भाजी-कडधान्य घरचं मिळालं तर बंधाऱ्याला त्या बोलवायच्या आधी येतील.

आता बंधारा. तुम्हाला दोन लागतील. एक वरचा, मळ्याच्या टोकाला, कातळाच्या अरुंद जागेत. दुसरा खालचा, मोरीच्या खाली, तुमच्या विहिरीपेक्षा समुद्राच्या बाजूला, म्हणजे भरती विहिरीपर्यंत पोचणार नाही. वरचा पाझरासाठी, खालचा भरती अडवायला. खालच्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, समुद्रालगतची जागा आहे आणि मोरीचा प्रश्नही येतो.

वेळ सांभाळा. परतीचा पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय घालू नका, एका सरीत वाहून जाईल. आणि पऱ्याची धार बोटभर होईपर्यंत थांबूही नका. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाणी गुडघ्याखाली आणि स्वच्छ वाहायला लागलं की तोच आठवडा.

सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती आत्तापासून जमवा. खताची असतील तर आधी धुऊन घ्या. पोतं मातीने पाऊणच भरायचं. गच्च भरलं तर ते बसत नाही, मधे फटी राहतात. तोंड सुतळीने शिवायचं, नुसती गाठ मारली तर गाठीपाशी फट पडते. बसवण्याआधी तळातला सगळा पाला, गाळ, सुटे दगड काढून कातळ उघडा करा. मागे कोणी घातलेला बंधारा बहुतेक वेळा खालून गळतो तो इथेच चुकल्यामुळे. मग पोत्यांच्या दोन भिंती, मधे दोन-अडीच फूट अंतर, आणि त्या अंतरात चिकण माती पायाने तुडवत भरायची. पोती विटांसारखी सांधे चुकवून लावा, शिवलेलं तोंड आतल्या मातीकडे ठेवा आणि प्रत्येक थरावर चालून पोतं चपटं करा. तळ रुंद, माथा अरुंद. उंची तीन-चार फुटांपेक्षा जास्त नको. माथ्यावर मधला भाग थोडा खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथून पडेल आणि काठ खाणार नाही. माती काठावरची खणू नका, मळ्यात साचलेला लाल गाळ आहे ना, तो वापरा.

वरच्या बंधाऱ्यात तळाशी एक दोन इंची पाइप टाका आणि तो कधीही पूर्ण बंद करू नका. खाली डबक्यांत जीव असतात, गुरं पाणी पितात, आणि खालच्या बंधाऱ्यापर्यंत गोडं पाणी पोचत राहायला हवं. सगळं पाणी आपल्यापाशी अडवायचं नाही.

मे संपायच्या आत दोन्ही बंधारे मधून फोडा, पोती काढून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे पऱ्याने वर मळ्यात अंडी घालायला जातात. तेव्हा वाट बंद असली तर पुढच्या वर्षी मळ्यात मासे राहत नाहीत. मासे नसले की पाणी साचलेल्या मळ्यात डास वाढतात, हे बायकांना सांगा, त्यांना लगेच पटेल.

काजूच्या टप्प्यांचं बोलून बघा. टप्प्याच्या कडेला गवताचा पट्टा, वाळा किंवा गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) ओळ लावली तरी लाल माती अर्ध्यावर येईल. तिथे खोल चर मात्र खणायला सांगू नका. उतार तीव्र आणि माती जाड असेल तर चरात साचलेलं पाणी आख्खा उतार खाली आणू शकतं. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळियेत दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उतारावर पाणी साचवायचं नाही, झाडं आणि गवत राखायचं. साचवायचं ते सपाट मळ्यात.

खारपट्टी (पेण)

मळेकर काकांनी सांगितलेल्या खालच्या बंधाऱ्यात एक भर. भरतीच्या बाजूच्या पोत्यांवर प्लॅस्टिकचा जाड कागद तळापासून माथ्यापर्यंत अंथरा आणि त्यावर पोत्यांची एक रांग टाका. तुमच्या बंधाऱ्याला दोन्हीकडून पाणी लागणार आहे, नुसती माती खाऱ्याने सुटते. माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपेक्षा हातभर वर हवा. मोरीच्या भिंतीवर शेवाळाची रेषा असेल, ती धरून मोजा. आणि दर उधाणाला एक फेरी मारायची. कोणाची पाळी कधी, ते आधीच ठरवून ठेवा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमच्या वाडीतले तिघे-चौघे येऊ. आमच्याकडे व्यायामशाळेत सिमेंटची शेकडो रिकामी पोती पडून आहेत, तीही आणतो. पद्धत शिकून आमच्या पऱ्यावर घालायची आहे. ताई, तारीख नक्की झाली की इथेच लिहा.

आगरवाली (गुहागर तालुका)

नक्की या, जेवायला सगळे आमच्याकडे. भावकीतल्या तीन घरांना फोन झाले. दोघं मेरा बांधा म्हणाले, एकांनी गणपतीत बोलू म्हटलं आहे. चौथ्यांचा नंबर सासूबाई शोधताहेत. मेरांचं काम सोमवारपासून धरतोय. सोडणांचा पहिला चर विहिरीजवळच्या चार माडांना खणून झाला, खोलगट बाजू वर ठेवली आहे. काका, वाळ्याची रोपं तुमच्याकडे मिळतील का, की दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करू?